काडतुसावाचून बंदूक

बंदूक म्हटली की आपली नजर तिच्या नळीकडे जाते, दस्त्यावरच्या नक्षीकडे जाते. बिचाऱ्या काडतुसाकडे कोण पाहतो? पण खरे सांगायचे तर बंदुकीचे आयुष्य काडतुसाच्या हाती असते. काडतूस मिळते तोवर ती बंदूक; ते मिळेनासे झाले की ती भिंतीवरची शोभा. आणि काडतूस मिळणे-न मिळणे हे नेहमीच दुकानदाराच्या हाती असते असे नाही. पुष्कळदा ते सरकारच्या हाती असते. आपल्या देशातल्या शिकारी रायफलींचा इतिहास हेच सांगतो.

सन १९०७ ची गोष्ट घ्या. कुमाऊँतल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे जिम कॉर्बेट निघाला, तेव्हा त्याच्याजवळ .५०० बोअरची रायफल होती आणि काडतुसे होती अवघी तीन. दोनांहून जास्त बार काढायची वेळ येणार नाही, असा त्याचा हिशेब. तिन्ही काडतुसे उडाली, वाघीण जखमी झाली, पण पडली नाही. तेव्हा त्याला धावत जाऊन तहसीलदाराची जुनी, खिळखिळी बंदूक मागून आणावी लागली! रायफल हातात होती, पण काडतूस संपताच ती काठीच्या मोलाची झाली. पुढे या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेटला .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट दिली.

आता तुम्ही विचाराल, हे .५००, .२७५ असले आकडे आले कुठून? हे आकडे म्हणजे इंचात सांगितलेली नळीच्या पोकळीची जाडी, असे ढोबळ मानाने समजा. आणि याच आकड्यांत राजकारण दडलेले आहे.

लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने १८९८ साली .४५० बोअरचे नवे, जोरकस काडतूस बाजारात आणले. वाघ, गवा, हत्ती अशा मोठ्या जनावरांसाठी ते शिकाऱ्यांना फार पसंत पडले. परंतु इंग्रज सरकारला एक धास्ती होती. पूर्वी त्यांच्या फौजेत असलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळीही जवळजवळ याच जाडीची. त्या जुन्या रायफली सरहद्दीवर आणि इतरत्र पुष्कळांच्या हाती पडल्या होत्या. शिकारीच्या नावाने आलेली गोळी उद्या आपल्याच शिपायावर सुटली तर? म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान व सुदान या दोन्ही ठिकाणी .४५० बोअरच्या आयातीला बंदी झाली.

बंदी झाली म्हणून शिकार थोडीच थांबते! इंग्लंडातल्या कारखानदारांनी युक्ती काढली. .४५० नको ना? मग हे घ्या .४७०, हे घ्या .४६५, हे .४७५, हे .४७६! काम सगळ्यांचे एकच, मापे मात्र निराळी. कायद्याच्या एका ओळीतून काडतुसांची अशी ही भावंडे जन्माला आली. गंमत अशी की एकाचे काडतूस दुसऱ्याला चालत नाही. कवचाची लांबी वेगळी, गोळीची जाडी वेगळी. चुकीचे काडतूस बळेच घातले तर बंदूक फुटून मालकाचाच जीव जायचा. शिवाय दुनळी रायफल तर एका ठरावीक दारूला आणि एका ठरावीक वजनाच्या गोळीला जुळवून बांधलेली असते. दारू बदलली की दोन नळ्यांच्या गोळ्या एके ठिकाणी लागत नाहीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दारूचा जोर वाढतो, म्हणून या देशासाठी दारू थोडी कमी घातलेली काडतुसेही बनत असत.

ही काडतुसे मुख्यतः बर्मिंगहॅमच्या कायनॉक कारखान्यातून येत. १९६० च्या दशकात गिऱ्हाईक आटले आणि तिथे या मोठ्या काडतुसांचे उत्पादन बंद पडत गेले. रायफली शाबूत, परवाने शाबूत, पण काडतूस नाही! इंग्लंड-अमेरिकेत पुढे काही छोट्या कारखानदारांनी ती पुन्हा बनवायला घेतली. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचेच पर्व आवरले, आणि जंगलाच्या दृष्टीने ते बरेच झाले म्हणायचे.

मग साध्या परवानाधारकाने काय वापरायचे? फौजेची .३०३ त्याला मना. कारण तेच जुने: फौजेचे काडतूस रयतेच्या हाती नको. म्हणून .३१५ बोअर पुढे आली. ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मानलिखर काडतुसावरून ती घेतलेली. इथल्या फौजेत ते काडतूस कुठेच नव्हते, हाच तिचा गुण! स्वराज्यानंतर या बोअरच्या रायफली बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागल्या आणि काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात. तो कारखाना १८६९ सालचा. परदेशी नावाजलेल्या रायफली काडतुसावाचून पेटीत पडून राहिल्या आणि ही साधी .३१५ मात्र चालत राहिली. तिचे काडतूस घरचे होते, म्हणून.

पाहा, १८७८ चा इंग्रजांचा हत्यारांचा कायदा गेला, १९५९ चा आपला आला. पण परवान्यावर बंदुकीबरोबर काडतुसांचीही संख्या लिहायची पद्धत राहिली. बंदूक एकदाच घ्यावी लागते, काडतूस पुन्हा पुन्हा. म्हणून ज्याला हत्यारावर लगाम ठेवायचा असतो, तो काडतुसाला हात घालतो. परक्या सरकारने तो हात आपल्याच रयतेच्या भीतीपोटी घातला. लोकांच्या सरकारने तो घालावा तो लोकांच्याच जिवासाठी. आणि तो तसाच घातला जातो की नाही, हे पाहणे तुमचे-आमचे काम.

एखाद्या जुन्या वाड्यात किंवा संग्रहालयात अशी रायफल दिसली, तर नक्षी जरूर पाहा. पण नळीवर कोरलेला तो लहानसा आकडाही वाचा. ती रायफल कोणाच्या भीतीतून जन्मली आणि कशामुळे मुकी झाली, ते त्या आकड्यातच लिहिलेले असते.