पानशेतचे पाणी आणि प्रवाहजालाची ताजी नोंद

नदी, तिच्या उपनद्या, त्यांवरील धरणे, कालवे आणि खाली वसलेले शहर ही सर्व मिळून एक जाल होते. जालातील प्रत्येक गाठीला, म्हणजे जलाशयाला वा संगमाला, त्या त्या क्षणाची एक स्थिती असते. गाठींना जोडणाऱ्या प्रत्येक धाग्याला, म्हणजे प्रवाहमार्गाला, स्वतःची क्षमता आणि स्वतःचा कालावधी असतो. असे जाल मोठे व सतत पालटणारे असले, की त्याची माहिती ताजी ठेवणे मनुष्यबळाच्या आवाक्यात राहत नाही. हे काम यंत्रशिक्षणाकडे सोपविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास बहुधा संगणकाच्या बाजूने लिहिला जातो. तो नदीच्या बाजूने लिहावयाचा, तर पानशेतपासून आरंभ करणे युक्त ठरेल.

१९६१ च्या पावसाळ्यात मुठेच्या खोऱ्यातील जाल अगदी लहान होते. वेल्ह्याच्या डोंगराळ भागातून येणाऱ्या आंबी नदीवर पानशेतचे नवे मातीचे धरण, त्याखाली मुठेवर एकोणिसाव्या शतकात कॅप्टन फाइफ यांच्या योजनेनुसार बांधलेले खडकवासल्याचे दगडी धरण, आणि त्याच्याही खाली पुणे. या जालाचे ज्ञान असणाऱ्या संस्थाही दूर नव्हत्या. १९१६ मध्ये स्थापन झालेले जलसंशोधन केंद्र खडकवासल्यालाच होते, आणि भारतीय हवामान खात्याचे कार्यालयही १९२८ पासून पुण्यात होते. अज्ञान हे त्या आपत्तीचे कारण म्हणता येत नाही.

पानशेतचे काम पुरे होण्यापूर्वीच त्या वर्षी धरणात पाणी साठू दिले गेले. मोरीच्या दारांची व्यवस्था अपुरी होती. मोरीतून पाणी धक्के देत वाहू लागले आणि तिच्यावरचा मातीचा भराव खचू लागला. ११ जुलै रोजी लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून खचलेला माथा उंच ठेवण्याची शिकस्त केली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. खडकवासल्याच्या जुन्या बांधाने माथ्यावरून वाहणारे पाणी काही तास अंगावर घेतले व नंतर तोही फुटला. त्या काही तासांनी पुराचा जोर किती मोडला आणि किती लोकांना उंचावर जाण्यास अवधी मिळाला, याचे श्रेय त्या बांधाला क्वचितच दिले जाते. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्यातील वृद्ध मंडळी ‘पुराआधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी कालगणना अद्यापही करतात. गोखलेनगर व सहकारनगर येथील पूरग्रस्तांच्या वसाहती त्या कालगणनेच्या साक्षीदार आहेत.

येथे अभ्यासकाने एक भेद नीट ध्यानी घ्यावा. जालात बदल दोन प्रकारचा होतो. पाण्याची पातळी चढली वा उतरली, तर गाठीचे मान बदलते. जाल तेच राहते. उलट धरण फुटले, मोरी निकामी झाली वा पात्र बुजले, तर जालाची घडणच बदलते. १२ जुलैच्या सकाळी एक गाठ नाहीशी झाली, दुपारपर्यंत दुसरी. धरणांतील साठ्याचे तक्ते, पाणी खाली पोचण्याचा काल, पुलांखालून वाहू शकणाऱ्या पाण्याचा अंदाज हे सर्व ज्या जालासाठी होते, ते जालच उरले नाही. पातळीचे आकडे मिनिटामिनिटाला कळले असते, तरीही ते एका नष्ट झालेल्या नकाशावर मांडले गेले असते.

पहिल्या प्रकारच्या बदलावरचा शास्त्रीय उपाय, योगायोगाने, पानशेतच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेली गाळणी ही ती पद्धत होय. आधीच्या स्थितीवरून पुढील स्थितीचे भाकीत करावयाचे, प्रत्यक्ष मोजमाप आले की दोहोंतील अंतर पाहावयाचे, आणि ज्याची विश्वसनीयता अधिक त्याच्याकडे नवा अंदाज झुकवावयाचा. सर्व इतिहास पुन्हा न चाळता नोंद ताजी करण्याची ही युक्ती प्रथम अवकाशयानांच्या मार्गनिर्देशनात गाजली. जलशास्त्रात ती पुढे आली. महाराष्ट्रात कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००६ नंतरच्या काळात, प्रवाहाचे तत्काल भाकीत करणारी व जलाशयांच्या परिचालनास साह्य करणारी यंत्रणा उभारली गेली. स्वयंचलित केंद्रांची मापे येताच भाकीत सुधारून घेणे, हेच तिचेही तत्त्व होय.

यंत्रशिक्षणाची भर यापुढची आहे. १९९७ मध्ये होखराइटर व श्मिडहुबर यांनी दीर्घ स्मृती राखणारे चेताजाल मांडले. २०१८ मध्ये गूगलने केंद्रीय जल आयोगाच्या सहकार्याने पाटणा परिसरात पूरसूचनेचा प्रयोग सुरू केला, आणि २०२४ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ५,६८० प्रवाहमापन केंद्रांच्या नोंदींवर शिकविलेल्या अशाच जालाने, जेथे मापक नाही त्या नद्यांचेही भाकीत करून दाखविले. शेजारच्या शाखेतून आलेल्या कालसापेक्ष जालपद्धतीत प्रत्येक गाठीला स्वतःची लहानशी स्मृती दिलेली असते. एखादी घटना घडली, समजा वरसगावचे दार उघडले, तर संबंधित गाठींची स्मृती तेवढी बदलते आणि शेजाऱ्यांना कळविली जाते; सारे जाल नव्याने मोजावे लागत नाही. मोठ्या जालांना ही काटकसर अत्यावश्यक असते.

मात्र जे शिकावयाचे ते गतकालाच्या नोंदींवरून, आणि मुठेच्या गतकालाचा एकच एक इतिहास नाही. पानशेत १९७२ मध्ये पुन्हा उभे राहिले. पुढे मोसे नदीवर वरसगाव व मुठेच्या उगमाकडे टेमघर झाले, आणि चारही धरणांची मिळून उपयुक्त साठवण सुमारे २९.१५ टीएमसीवर गेली. वरसगावच्या आधीच्या खडकवासल्याच्या नोंदी या आजच्या खडकवासल्याच्या नव्हेत. नाव तेवढे एक. २०१६ मध्ये टेमघरची गळती गाजली आणि दुरुस्तीसाठी धरण रिकामे ठेवावे लागले. भर पावसात रिकामे राहिलेले धरण यंत्राला अवर्षणासारखे वा बिघडलेल्या मापकासारखे दिसेल. ती दुरुस्ती आहे, हे कोणीतरी लिहून दिल्यावाचून त्याला कळण्याचा मार्ग नाही. दार उघडण्याचा निर्णयही निसर्गनियम नव्हे, तो अधिकाऱ्याचा निर्णय होय.

शहरातील पात्राची गोष्ट याहून अवघड आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून सुमारे ४५ हजार क्युसेकपर्यंत पाणी सोडले गेले होते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेक असता सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी व लगतचा भाग पाण्याखाली गेला. धरणाखालच्या भागातही त्या रात्री अतिवृष्टी झाली होती, आणि पात्रात पडलेल्या भरावाचीही चर्चा झाली. कारणांची विभागणी कशीही ठरो, एवढे खरे, की विसर्ग व पातळी यांचा जुना तक्ता तेथे टिकला नाही. हा तक्ता दुरुस्त करावयाचा तर पात्राचे छेद पावसाळ्याआधी दरवर्षी नव्याने मोजावे लागतात. धरण जलसंपदा विभागाकडे, शहरातील काठ महानगरपालिकेकडे आणि पर्जन्यमापन हवामान खात्याकडे असल्यामुळे, एकाने केलेली मोजणी दुसऱ्याच्या भाकितात त्याच पावसाळ्यापूर्वी पोचेल अशी व्यवस्था स्वतंत्रपणेच करावी लागते.