विहिरीकाठची कथा

इंग्लंडात फुलहॅम येथे पतित स्त्रियांना सावरणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे कार्य पाहून पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) या करुणेचे मूळ विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली : लोकांनी टाकलेल्या स्त्रीशी येशू विहिरीकाठी बोलला. १८८३ साली रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या समाजाला तो झोंबला. १८९३ मध्ये पुण्याच्या शारदा सदनातून पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई मात्र त्या कथेला जागल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील निराधार मुली त्यांनी आणल्या, केडगावी पतितांसाठी कृपासदन उभारले आणि अखेरपर्यंत खपून सामान्य स्त्रियांना उमजेल अशा मराठीत बायबल उतरविले. आम्ही त्यांचे धर्मांतर तेवढे लक्षात ठेवले. ती विहीर विसरलो.