घोड्याच्या मूत्रातले कोडे

वाचकहो, पागा किंवा गोठा झाडताना जनावराच्या मुताच्या वासाने आपण नाक मुरडतो. पण याच टाकाऊ वस्तूने शास्त्रज्ञांना शरीराच्या आत डोकावायला एक झरोका दिला. ती हकिगत आज सांगायची आहे.

१८२९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी घोड्याच्या मूत्रातले एक आम्ल ओळखले. ग्रीक भाषेत घोड्याला हिप्पोस म्हणतात. त्यावरून त्याला हिप्युरिक आम्ल हे नाव पडले. हे आम्ल म्हणजे दोन पदार्थांची जोडी. एक बेंझॉइक आम्ल. आपण निखाऱ्यावर घालतो त्या उदातही ते असते. दुसरे ग्लायसिन, आपल्या शरीरातली प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतले सर्वांत साधे.

ही जोडी जुळते कुठे? त्या काळी पुष्कळ विद्वान म्हणत, पदार्थ घडवाव्यात त्या वनस्पतींनी. प्राणी ते नुसते जाळतात. १८४२ साली वोलर यांच्या हाताखालच्या केलर नावाच्या तरुणाने रात्री स्वतःच बेंझॉइक आम्ल घेतले आणि सकाळी आपले मूत्र तपासले. त्यात हिप्युरिक आम्ल निघाले! म्हणजे शरीर ही नुसती चूल नव्हे. तिथे जोडकामही चालते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय साधले? ऐका तर. मेदाम्ले म्हणजे कार्बनच्या अणूंच्या साखळ्या. त्या शरीरात जळून जातात. मग त्यांचा माग काढायचा कसा? रानात चुकलेली गाय गळ्यातल्या घंटेवरून सापडते ना? १९०४ साली क्नोप यांनी तेच केले. साखळीच्या टोकाला शरीरात सहजी न जळणारे बेंझीनचे कडे बांधून ती कुत्र्यांना चारली. साखळीत कार्बन विषम असले, तर मूत्रात हिप्युरिक आम्ल येई. सम असले, तर दुसरेच आम्ल. यावरून त्यांनी ताडले, की साखळी दोन-दोन कार्बनांनी तुटते. पुढे ते खरे ठरले.

आणि आज? काही बालकांना जन्मतःच शरीरातले जादा नत्र नीट बाहेर टाकता येत नाही. रक्तात अमोनिया साठतो, मेंदूला इजा होते, जीवही जातो. अशा वेळी डॉक्टर बेंझॉइक आम्लाचा क्षार, सोडियम बेंझोएट, देतात. तो ग्लायसिनला गाठून हिप्युरिक आम्ल होतो आणि त्यातले नत्र घेऊन मूत्रावाटे निघून जातो. गुरुजी, वर्गात हे जरूर सांगा: केलरने स्वतःच्या अंगावर पाहिलेली वाट आज तान्ह्या मुलांच्या उपयोगी पडते आहे.