सिंक ॲप रीसेट करणे

क्लाउडवरची साठवण आणि संगणकावरचा फोल्डर यांचा सतत मेळ घालणाऱ्या ॲपच्या (वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स इ.) स्थानिक नोंदी पुसून त्याला जुळणी पहिल्यापासून करायला लावण्याची क्रिया. टास्कबारवरच्या ढगाच्या चिन्हावर गोल बाण दिवसभर फिरत राहतात, एका संगणकावर केलेली दुरुस्ती दुसऱ्यावर दिसत नाही किंवा ॲप उघडताक्षणी बंद पडते, अशा वेळी हा उपाय करतात. तो सुरक्षित आहे. मात्र अजून वर न चढलेल्या फाइली नेमक्या कुठे पडून आहेत हे आधी पाहिलेले असले पाहिजे. या क्रियेत डेटा गेल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्या एका गोष्टीत सापडते.

ड्रॉपबॉक्स २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. गूगल ड्राइव्ह एप्रिल २०१२ मध्ये आले. मायक्रोसॉफ्टची स्कायड्राइव्ह ही सेवा २००७ पासून होती. ब्रिटनमधील स्काय या प्रसारण कंपनीशी नावावरून झालेल्या वादानंतर २०१४ मध्ये तिचे नाव वनड्राइव्ह झाले. विंडोज १० आणि ११ मध्ये वनड्राइव्ह आधीपासूनच बसवलेले येते. त्यामुळे अचलपूर-परतवाड्यातल्या एखाद्या कर सल्लागाराच्या किंवा फोटो स्टुडिओच्या संगणकावर ते कोणी मुद्दाम घेतलेले नसले, तरी चालू असण्याची शक्यता बरीच असते.

कार्यपद्धती : सिंक ॲप स्वतःजवळ एक छोटा डेटाबेस ठेवते. कोणती फाइल कुठे आहे, तिची शेवटची आवृत्ती कोणती, तिचा कोणता भाग वर गेला आणि कोणता राहिला, याची नोंद त्यात असते. ड्रॉपबॉक्स फाइलचे ४ एमबीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा, नोंदवते आणि बदललेला तुकडा तेवढा पाठवते. नोंद लिहिली जात असताना वीज गेली, डिस्क भरली किंवा विंडोजचे अपडेट मध्येच तुटले, की हा डेटाबेस बिघडू शकतो. मग फाइली शाबूत असूनही ॲप गोंधळते. रीसेट केल्यावर हा डेटाबेस आणि सेटिंग पुसली जातात. ॲप क्लाउडवरची यादी नव्याने मागवते, डिस्कवरच्या फाइलींशी ती ताडून पाहते आणि दोन्हीकडे सारखी निघालेली फाइल सहसा पुन्हा चढवत किंवा उतरवत नाही. म्हणूनच रीसेटनंतरचे पहिले काही तास ॲप नुसते तपासत बसलेले दिसते. त्या वेळात ते बंद करू नये.

धोका कुठे असतो : वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स आणि ‘मिरर’ पद्धतीने लावलेले गूगल ड्राइव्ह यांच्यात संगणकावर खराखुरा फोल्डर असतो. वर न गेलेली फाइल त्या फोल्डरात डिस्कवर पडून असते आणि ॲपच्या नोंदी पुसल्या तरी तिला धक्का लागत नाही. गूगल ड्राइव्हच्या ‘स्ट्रीम’ पद्धतीत असा फोल्डर नसतो. तिथे दिसणारी ड्राइव्ह (बहुधा जी हे अक्षर असलेली) ॲपने उभी केलेला देखावा असते. त्यात सेव्ह केलेली फाइल वर जाईपर्यंत युजरच्या ॲपडेटा फोल्डरातील ‘ड्राइव्हएफएस’ या कॅशमध्ये राहते. तो कॅश उडवला की वर न गेलेले काम त्याच्यासोबत जाते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नोव्हेंबर २०२३ मधले आहे. डेस्कटॉपसाठीच्या गूगल ड्राइव्हच्या ८४.०.०.० ते ८४.०.४.० या आवृत्त्या वापरणाऱ्या काही लोकांच्या ड्राइव्हमधून अलीकडच्या फाइली एकाएकी दिसेनाशा झाल्या. एकाला तर आपला ड्राइव्ह थेट त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या स्थितीत दिसू लागला. अशा वेळी बहुतेकांचा हात सवयीने लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करण्याकडे किंवा ॲप काढून पुन्हा टाकण्याकडे जातो. गूगलने नेमके तेच करू नका असे बजावले : ॲपमधून खाते तोडू नका, ड्राइव्हएफएस फोल्डर हलवू किंवा पुसू नका आणि डिस्कवर जागा असेल तर त्याची प्रत काढून ठेवा. डिसेंबरमध्ये ८५.०.१३.० ही आवृत्ती आली. शिफ्टचे बटण दाबून धरून सेटिंगच्या चिन्हावर क्लिक केले की त्या आवृत्तीत बॅकअपमधून फाइली परत आणण्याचा पर्याय दिसे. ज्यांनी कॅश राखला होता, त्यांच्याजवळ या पर्यायाला काम करायला काहीतरी शिल्लक होते. रीसेटची घाई करू नये असे जाणकार सांगतात, त्यामागे हा अनुभव आहे.

पूर्वतयारी : आधी ब्राउझरमधून त्याच खात्यात शिरून क्लाउडवर काय आहे ते पाहावे. कालची फाइल तिथे कालच्याच तारखेने दिसत असेल तर ती सुरक्षित आहे. जी दिसत नाही किंवा जुनी दिसते, तिची प्रत सिंक फोल्डरच्या बाहेर काढावी. इथे कॉपीच करायची, कट नाही. सिंक फोल्डरातून फाइल बाहेर हलवणे ॲपच्या लेखी ती पुसण्यासारखेच असते आणि पुढच्या जुळणीत ती क्लाउडवरूनही निघते. प्रत डेस्कटॉपवर ठेवूनही भागेलच असे नाही. वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही वनड्राइव्हच्याच आत असतात. पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क किंवा थेट डी ड्राइव्ह बरी.

फोल्डर डिस्कवर खरोखर आहे की नुसता दिसतो, हे राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये कळते. ‘साइझ’पुढे १८ जीबी आणि ‘साइझ ऑन डिस्क’पुढे शून्य दिसले, तर त्या फाइली फक्त क्लाउडवर आहेत. वनड्राइव्हमध्ये अशा फाइलीपुढे निळा पोकळ ढग असतो. पांढऱ्यावर हिरवी टिक म्हणजे सध्या डिस्कवर असलेली आणि भरीव हिरव्या वर्तुळातली पांढरी टिक म्हणजे डिस्कवर कायम ठेवलेली फाइल. फाइल फक्त क्लाउडवर ठेवण्याची ही सोय विंडोज १० मध्ये २०१७ साली आली.

प्रत्यक्ष क्रिया : वनड्राइव्हसाठी विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून रनची चौकट उघडतात. तिच्यात वनड्राइव्हच्या एक्झी फाइलचा पत्ता लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘रीसेट’ हा शब्द इंग्रजीत लिहितात. ही एक्झी फाइल युजरच्या लोकल ॲपडेटामधील मायक्रोसॉफ्ट फोल्डरात किंवा प्रोग्रॅम फाइल्समध्ये असते. एका पत्त्यावर नाही मिळाली तर दुसरा घ्यावा. ढगाचे चिन्ह नाहीसे होते आणि काही मिनिटांत परत येते. न आल्यास स्टार्ट मेनूतून वनड्राइव्ह चालू करावे. रीसेटने फाइली जात नाहीत असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटले आहे. मात्र या संगणकावर ठरावीक फोल्डरच उतरवायचे अशी निवड आधी केलेली असेल, तर ती पुसली जाते आणि पुन्हा करावी लागते. घरचे आणि कार्यालयाचे अशी दोन खाती जोडलेली असतील तर दोन्ही जोडण्या तुटतात.

गूगल ड्राइव्हमध्ये खाते तोडून पुन्हा जोडतात, पण सर्व फाइली वर गेल्याचा संदेश दिसल्याखेरीज नाही. ड्रॉपबॉक्समध्ये खाते अनलिंक करून पुन्हा त्याच फोल्डराशी जोडतात. ‘हा फोल्डर आधीच आहे, एकत्र करू का?’ असे विचारले की हो म्हणावे.

एकच फाइल दोन्हीकडे वेगळी निघाली, तर ॲप सहसा दोन्ही ठेवते. वनड्राइव्ह एका प्रतीच्या नावाला संगणकाचे नाव जोडते, ड्रॉपबॉक्स ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असे लिहिते. या जादा प्रती कचरा समजून पुसू नयेत. दुपारी भरलेले आकडे कदाचित त्याच प्रतीत असतात.

वऱ्हाडातील परिस्थिती : ‘फाइली दिसूनच नाही राह्यल्या’ ही तक्रार रीसेटनंतर बहुधा पहिल्या तासाभरात येते. डेस्कटॉपचे मूळ ठिकाण बदलल्याने तो रिकामा दिसत असतो आणि फाइली वनड्राइव्हमधल्या डेस्कटॉप नावाच्या फोल्डरात असतात. या वेळी घाबरून दुसरे काही करण्यात फाइली जातात.

नेटचा हिशेब आधी मांडावा. चाळीस जीबी लग्नाचे फोटो पुन्हा उतरवायचे ठरले, तर १० एमबीपीएस वेगाने सुमारे ९ तास लागतात. हेच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड जीबीच्या प्लॅनमध्ये करायचे म्हटले तर जवळपास २७ दिवस. म्हणून रीसेट करताना डिस्कवरचा जुना फोल्डर पुसू नये. तो जागेवर असला तर काम तपासणीवर भागते. वीज जाण्या-येण्याचा भरवसा नसेल तर यूपीएस किंवा चार्ज केलेला लॅपटॉप असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

हिशेबाच्या टॅलीचा डेटा फोल्डर सिंक फोल्डरात ठेवण्याची पद्धत तर मोडायलाच हवी. त्यातल्या फाइली दिवसभर उघड्या असतात. ॲप त्यांच्यापाशी अडकते, किंवा एक फाइल सकाळची आणि दुसरी संध्याकाळची अशी बेमेळ प्रत वर चढते. संत्र्याच्या हंगामात बागवानांचे पैसे ज्या हिशेबावर ठरतात, त्याची अशी मोडतोड कोणत्याच रीसेटने दुरुस्त होत नाही. टॅली बंद करून घेतलेला बॅकअप सिंक फोल्डरात टाकावा.

देवनागरी नावे : अचलपूरजवळच्या हौज कटोऱ्याची छायाचित्रे ‘हौज कटोऱ्याचे फोटो’ या फोल्डरात असतील, तर त्यातला अर्धा र संगणकावर तीन प्रकारे टाइप झालेला असू शकतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, र ला नुक्ता लावून, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखे. युनिकोडमध्ये तीन वेगळ्या अक्षरमाळा. रीसेटनंतर जुने नाव नव्याने टाइप करून फोल्डर बनवला आणि ॲप त्याच्याशी जोडले, तर ॲप त्याला परका समजू शकते आणि सगळे पुन्हा उतरवू लागते. जुना फोल्डर ब्राउझचे बटण दाबून निवडावा. वनड्राइव्हमध्ये फोल्डरांसकट पूर्ण नावाची मर्यादा ४०० अक्षरांची असून नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखा दिसणारा कोलन, तारा आणि तिरकी रेघ चालत नाही. तारखा तिरक्या रेघेने लिहायची सवय असलेल्यांचे इथेच अडते.

फाइल क्लाउडवरून पुसली गेलीच, तर ती ब्राउझरमधून त्या सेवेच्या कचरापेटीत शोधावी. गूगल ड्राइव्ह आणि वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये ती ३० दिवस राहते, तर कार्यालयीन किंवा शाळा-महाविद्यालयाच्या वनड्राइव्हमध्ये प्रशासकाने बदल केला नसल्यास ९३ दिवस. दुसऱ्याने शेअर केलेल्या फोल्डरातील फाइल आपल्या पेटीत न सापडल्यास फोल्डरच्या मालकाला त्याची पेटी पाहायला सांगावे.