पुतळ्याच्या गोळ्या

९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कच्या लोकांनी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा दोर लावून पाडला. पुतळा शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. त्यातले बरेचसे शिसे कनेक्टिकटमधील लिचफील्ड गावी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ऑलिव्हर वोल्कॉट यांच्या घरी पोहोचले, आणि तेथे बायकामुलांनी त्याच्या गोळ्या केल्या. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. घरच्या चुलीचा विस्तव त्यास पुरतो. रस साच्यात ओतायचा, निवाल्यावर तोंडाशी राहिलेला देठ छाटायचा. गोळी मात्र बंदुकीच्या नळीहून किंचित लहानच हवी, कारण कागदासकट ती आत सरकली पाहिजे.

या कामाचा वोल्कॉटांनी ठेवलेला हिशेब आम्हां कचेरीतल्या माणसांस विशेष भावतो. एकूण काडतुसे ४२,०८८. रूथ मार्विन यांची ११,५९२. अकरा वर्षांच्या मेरी ॲन या मुलीची १०,७९०. नऊ वर्षेही न भरलेल्या फ्रेडरिकची ९३६! तीही त्याच्याच नावावर, किरकोळीत ढकललेली नाहीत. शिशाचे विष त्या पोरांच्या अंगी किती भिनले, त्याची नोंद नाही.

राजाच्या घोड्याचे शेपूट साच्यात गेलेच नाही. १८७१ साली ते त्याच प्रांतातील विल्टन गावी सापडले.