भिंगाची बैठक आणि निर्मात्याचे उत्तरदायित्व

कॅमेरा एका कारखान्याचा आणि त्यावरील भिंग दुसऱ्या कारखान्याचे, ही व्यवस्था छायाचित्रणाच्या व्यवसायात रुळून गेली आहे. परंतु या दोहोंचा मेळ बसला नाही तर दोष कोणाचा, हा प्रश्न अद्याप निर्विवादपणे सुटलेला नाही. दुसऱ्याच्या मालाची हमी आपण का द्यावी, असे कॅमेरा बनविणारा विचारतो. कॅमेरा बदलला तो त्याने, आपण नव्हे, असे भिंग बनविणारा सांगतो. नुकसान मात्र ग्राहकाच्या पदरी पडते. या वादाचा निवाडा करावयाचा तर त्याचा इतिहास प्रथम पाहिला पाहिजे.

हा प्रश्न प्रथम उद्भवला तो दोन कारखान्यांमध्ये नव्हे, तर एकाच कारखान्यात. वेत्झलार येथील लाइट्झ कंपनीने १९२५ साली विक्रीस आणलेल्या लायका कॅमेऱ्याचे भिंग कायमचे जडविलेले होते. १९३० साली आट्यांनी बसविता येणारी, बदलती भिंगे आली. परंतु प्रत्येक भिंग विशिष्ट कॅमेऱ्याशी जुळवून घ्यावे लागे. एका लायकाचे भिंग दुसऱ्या लायकावर चढविले, तर प्रतिमा स्पष्ट उमटेलच असा भरवसा नसे. कारण भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतच्या अंतरात मिलिमीटरच्या अल्प अंशाचा फरक पडला तरी प्रतिमा अस्पष्ट होते. १९३१ साली कंपनीने हे अंतर २८.८ मिलिमीटर असे निश्चित केले आणि प्रमाणित कॅमेऱ्यांच्या बैठकीवर शून्याची खूण कोरली. ती खूण म्हणजे निर्मात्याने ग्राहकास दिलेले वचनच होते. आज घेतलेले भिंग उद्याच्या कॅमेऱ्यावरही चालेल, असा तिचा अर्थ होता.

जे माप स्थिर असते, त्याचे अनुकरणही सुलभ असते. दुसऱ्या महायुद्धानंतर ३९ मिलिमीटर व्यासाच्या या आट्यांची भिंगे जपानमधील अनेक कारखान्यांनी बनविली. ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचा प्रसार याहूनही व्यापक झाला. १९४९ साली ड्रेस्डेन येथील कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यावर आलेली ही बैठक प्राक्टिकाने स्वीकारली आणि १९५७ साली जपानच्या असाही कंपनीच्या पेंटॅक्सनेही. त्याच वर्षी टॅम्रॉन कंपनीने निराळा मार्ग काढला. भिंग एकच ठेवून प्रत्येक जातीच्या कॅमेऱ्यासाठी बदलती कडी पुरवावयाची, अशी तिची ‘टी’ पद्धत होती. येथे जुळणीचा सारा भार भिंग बनविणाऱ्याने स्वतः उचलला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तथापि आट्यांची एकवाक्यता फार काळ पुरली नाही. १९७० च्या सुमारास भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून प्रकाश मोजण्याची सोय आली, तेव्हा छिद्राचे मान कॅमेऱ्यास कळविण्यासाठी निरनिराळ्या निर्मात्यांनी आपापले जोड बसविले. आटे जुळत, पण प्रकाशमापनाची ही नवी सोय मिळत नसे. बैठक सारखी असणे आणि भिंग पूर्णपणे उपयोगी पडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

१९८७ साली कॅननने ईओएस कॅमेरे आणले, तेव्हा या भेदाने तीव्र रूप घेतले. १९७१ पासून चालत आलेली एफडी बैठक कंपनीने सोडून दिली. नव्या बैठकीत यांत्रिक दांडे नव्हते. फोकस आणि छिद्र यांच्या आज्ञा विद्युत्संकेतांनी जात. धातूचे आटे कोणासही मोजता येतात, परंतु अप्रकट संकेतांचा अर्थ निरीक्षणाने उलगडावा लागतो. सिग्मासारख्या कंपन्यांनी तो उलगडून भिंगे बनविली. पुढे नवे ईओएस कॅमेरे आले, तेव्हा सिग्माची काही जुनी भिंगे त्यांवर बसत, परंतु छिद्र लहान करण्याची आज्ञा होताच कॅमेरा दोषसूचना देऊन थांबे. सिग्माने काही भिंगांतील विद्युत्मंडल बदलून दिले. फार जुन्या भिंगांना तो उपायही उरला नाही. कॅननने त्या भिंगांविषयी कोणतेच वचन दिलेले नव्हते. ‘ईओएसवर चालेल’ असे वचन होते ते भिंग विकणाऱ्याचे.

यानंतर निर्मात्यांची धोरणे दोन दिशांनी गेली. २०११ साली सोनीने आपल्या ‘ई’ बैठकीची मूलभूत माहिती इतर निर्मात्यांस विनामूल्य देण्याचे जाहीर केले. २०१८ साली लायका, पॅनासॉनिक व सिग्मा यांनी ‘एल’ बैठकीसाठी संघ स्थापिला. उलटपक्षी, कॅननने २०१८ साली आणलेल्या आरएफ बैठकीच्या बाबतीत २०२२ साली व्हिल्ट्रॉक्स या चिनी कंपनीस पेटंटहक्कांच्या आधारे विक्री थांबविण्यास सांगितले. २०२४ साली मात्र त्याच बैठकीसाठी सिग्मा व टॅम्रॉन यांची परवानाधारक भिंगे जाहीर झाली.

या इतिहासावरून उत्तरदायित्वाच्या तीन पायऱ्या दिसतात. स्वतः प्रमाणित केलेले माप अबाधित राखणे, हे कॅमेरा बनविणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. प्रतिस्पर्ध्याचे भिंग चालवून दाखविण्यास तो बांधलेला नाही. परंतु ज्यास त्याने परवाना दिला, त्याच्या भिंगाबाबत तो अलिप्त राहू शकत नाही. परवान्यावाचून जो भिंग विकतो, त्याने मात्र भावी कॅमेऱ्यांची जोखीम स्वतः स्वीकारावी आणि ती ग्राहकास विक्रीपूर्वीच सांगावी. भिंगाचे आयुष्य कॅमेऱ्याहून दीर्घ असते. ग्राहक त्यात पैसा गुंतवितो तो पुढील अनेक वर्षांच्या भरवशावर, आणि म्हणूनच कोणते वचन कोणी दिले आहे, हे त्यास आधी स्पष्ट कळणे अगत्याचे आहे.