चार किलोवॅटच्या घरातली गाडी

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की चंद्रपुरात एक सल्ला हमखास मिळतो: आधी थ्री फेज घ्या, लोड वाढवा, सात किलोवॅटचा चार्जर बसवा, मगच गाडी बुक करा. चार किलोवॅट मंजूर भाराच्या सिंगल फेज घरात गाडी लावली तर मेन पडणारच, असा हा पूर्वपक्ष. त्यामागची भीती खरी आहे. मे महिन्यात डीपी गेल्यावर कूलरविना रात्र काढणे काय असते, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. तरीही निष्कर्ष चुकीचा आहे.

चूक मोजमापात आहे. गाडीला किती वेगाने वीज मिळते हे पाहिले जाते. रात्रभरात किती युनिट मिळतात हे कुणी पाहत नाही. चंद्रपूरहून बल्लारपूरला रोज जाऊन-येऊन गावातली कामे धरली तरी ३५-४० किलोमीटर होतात. एसी लावून, चार्जिंगमधली गळती धरून, युनिटला सहा किलोमीटर असा कंजूष हिशेब केला तरी सहा-सात युनिट पुरतात. चार्जर गाडीला किती प्रवाह घ्यायचा ते इशाऱ्याने सांगतो आणि प्रमाणित पद्धतीत हा इशारा ६ अँपिअरपर्यंत खाली आणता येतो. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १.३८ किलोवॅट, दीड टनाच्या एसीहूनही थोडे कमीच. आठ तासांत ११ युनिट. एसी, फ्रिज आणि पंखे मिळून दोन किलोवॅट घेत असले तरी चारच्या आत सगळे बसते. इतक्या कमी प्रवाहावर गळतीचे प्रमाण थोडे वाढते, हे मान्य; पण हिशेबात त्याला जागा आहे. अट एकच, प्रवाह कमी-जास्त करता येणारा चार्जर घ्यावा. घरच्या सध्याच्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्याची मुभा तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे.

थ्री फेजचा आग्रह तर अनेकदा निरर्थक ठरतो. गाडीतला चार्जरच ३.३ किलोवॅटचा आणि सिंगल फेजचा असेल, तर घरात तीन फेज आणूनही गाडी एकाच फेजवर तेवढीच वीज घेणार. वाढीव स्थिर आकार मात्र दर महिन्याच्या बिलात येत राहतो.

धोका आहे, पण तो वेगळ्याच ठिकाणी आहे. गीझर पाणी तापले की बंद होतो. गाडी तासन्‌तास अखंड प्रवाह ओढते. सैल स्क्रू, जुनी ॲल्युमिनियमची तार, स्वस्तातला सॉकेट यांची परीक्षा तिथे होते. त्यात आपली हवा. पीव्हीसी तारेची ३० अंशांत जी वहनक्षमता असते, तिच्यातली ४५ अंशांत जेमतेम ७९ टक्के उरते. एमसीबीही उन्हात लवकर पडतो आणि लोक लोडला दोष देतात. लोड वाढवल्याने यातले काहीच सुधारत नाही. पैसे खर्चायचेच तर मीटरबोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, तिचा वेगळा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पक्के अर्थिंग यांवर खर्चावेत. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो; खड्ड्यात पाणी घालत राहणे ही इथली गरज आहे.

आता डीपीकडे पाहू. चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. इथून पडघ्यापर्यंतची ७५२ किलोमीटरची एचव्हीडीसी वाहिनी १५०० मेगावॅट वाहून नेऊ शकते. पण वीज दाराशी तयार होते म्हणून गल्लीतल्या १०० केव्हीएच्या डीपीचा जोर वाढत नाही. दहा घरांनी रात्री नऊला सात-सात किलोवॅट ओढले तर गाड्यांचेच ७० किलोवॅट होतात. तीच दहा घरे मध्यरात्रीनंतर ६ अँपिअरवर राहिली तर १४. ज्या डीपीच्या काळजीपोटी लोड वाढवायला सांगितले जाते, तिच्यावरचा ताण त्याच सल्ल्याने वाढतो.

एका माणसाला मात्र पूर्वपक्ष लागू पडतो. मूल, सावलीमार्गे रोज गडचिरोलीला जाऊन परतणाऱ्याला साधारण १६० किलोमीटर, म्हणजे २७ युनिट लागतील. त्यासाठी आठ तास अखंड १५ अँपिअर हवेत आणि वादळात तासभर वीज गेली तरी गणित फिसकटते. त्याने लोडवाढीचा अर्ज गाडी घेण्याआधीच करावा.